प्रशिक्षकाच्या खोलीतली खाट

हिंगोलीच्या रामलीला मैदानावर पोरं क्रिकेट खेळतात. बेसबॉल आपल्याकडं फारसा कुणी खेळत नाही. शाळेतल्या मुलींना सॉफ्टबॉल ठाऊक असतो, त्याचा हा थोरला भाऊ समजा. या खेळाच्या एका कॉलेज प्रशिक्षकाची हकिकत आज सांगते. खेळ परका असला तरी हकिकत आपल्या ओळखीची आहे.

त्यांचं नाव ब्रँच रिकी. जन्म १८८१ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या शेतकरी घरात. विशी ओलांडली न ओलांडली तोच ओहायो वेस्लियन कॉलेजच्या संघाचे ते प्रशिक्षक झाले. संघात चार्ल्स थॉमस नावाचा एकच कृष्णवर्णीय मुलगा होता. १९०३ च्या सुमाराला संघ साउथ बेंड गावी सामन्याला गेला. हॉटेलवाल्यानं बाकी सगळ्यांना खोल्या दिल्या, थॉमसला नाही. रिकी अडून बसले. याची खाट माझ्या खोलीत टाका, म्हणाले. हॉटेलवाला कसाबसा कबूल झाला. खोलीत थॉमस रडत बसला आणि आपले हात चोळू लागला, जणू कातडीचा रंगच निघून जाईल.

वाचताना बडोदा आठवतं ना? १९१७ साली पारशी धर्मशाळेतून बाबासाहेबांना काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. आणि रिकींच्याच त्या काळात, पुण्याच्या मैदानावर बाळू पालवणकरांनी टाकलेला चेंडू सगळे हाती घेत, पण चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे.

रिकींना १९०९ साली क्षय झाला. बरे होऊन ते मिशिगन विद्यापीठात कायदा शिकले आणि तिथल्याच संघाला १९१० ते १९१३ शिकवत राहिले. त्यांनी मिशिगन सोडलं त्याच १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पुढं रिकी धंदेवाईक संघांच्या कारभारात शिरले. लहान गावांतले संघ जोडून तिथं पोरं तयार करायची पद्धत त्यांनी बसवली.

पण मोठ्या संघांत साठेक वर्षं एकही काळा खेळाडू नव्हता. २८ ऑगस्ट १९४५ ला ब्रुकलिनच्या कचेरीत रिकींनी जॅकी रॉबिन्सनला बोलावलं. तीनेक तास मुलाखत चालली. रिकींनी हॉटेलच्या गोऱ्या कारकुनाचं सोंग घेतलं, शिवीगाळ करणाऱ्या खेळाडूचंही घेतलं. हे सगळं सोसशील का, उलटा हात न उचलता? रॉबिन्सन कबूल झाला. १५ एप्रिल १९४७ ला तो ब्रुकलिनकडून मैदानात उतरला.

अपमान करणारे मोकळे आणि गप्प बसायची अट अपमान होणाऱ्याला, हे मला अजून खटकतं. रिकी काही संत नव्हते. रॉबिन्सन ज्या कृष्णवर्णीयांच्या संघातून आला, त्या कॅन्सस सिटी मोनार्क्सला त्यांनी एक पैसा दिला नाही. चांगले खेळाडू स्वस्तात मिळतात, हा हिशेबही होताच. पण तसा हिशेब इतरही मालकांना करता आला असता. त्यांनी केला नाही.

साउथ बेंडची गोष्ट रिकी म्हातारपणापर्यंत सांगत राहिले. १९६५ मध्ये ते वारले. हात चोळणारा तो थॉमस पुढं दातांचा डॉक्टर झाला.