पिवळ्या गावातील दगड

मेक्सिकोच्या युकातान प्रांतात, मेरिदा शहराच्या पूर्वेस सुमारे ७० किलोमीटरवर इसामाल हे लहानसे गाव आहे. कानकूनच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या सहली बहुधा चिचेन इत्साचा पिरॅमिड पाहून माघारी फिरतात. इसामालपर्यंत थोडेच प्रवासी येतात. येणाऱ्याची नजर प्रथम रंगावर खिळते. घरे, दुकाने, कमानी, मठ, सारे हळदीसारखे पिवळे, आणि कडांना पांढरी किनार. हा रंग शतकानुशतकांचा असावा असे कोणालाही वाटेल. परंतु ऑगस्ट १९९३ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे येथे आले, त्या निमित्ताने गाव असे एकरंगी झाल्याचे सांगतात.

रंगाखालचा दगड मात्र खरोखर जुना आहे. स्पॅनिश लोक येथे येण्यापूर्वी इसामाल हे माया लोकांचे थोर तीर्थक्षेत्र होते. चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर किनिच काक मो हा सूर्यदेवाचा पिरॅमिड आजही उभा आहे. त्याचा पाया सुमारे २०० मीटर लांब आणि १८० मीटर रुंद असून उंची सुमारे ३५ मीटर आहे. भर माध्यान्ही देव मकाव पक्ष्याच्या रूपाने खाली उतरतो आणि वेदीवरील नैवेद्य आपल्या अग्नीने जाळतो, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. माथ्यावर उभे राहिले की चहूकडे सपाट हिरवे रान पसरलेले दिसते आणि मधेच दुसऱ्या टेकाडावर बसलेला पिवळा मठ. ते टेकाडही निसर्गाचे नाही. तो एका माया मंदिराचा चौथरा आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन पंथाच्या साधूंनी वरचे मंदिर उतरवले आणि त्याच दगडांनी आपला मठ बांधला. तिन्ही बाजूंनी उताराच्या वाटा वर जातात आणि वर सुमारे ७५ कमानींनी वेढलेले विस्तीर्ण प्रांगण लागते. सावकाश पाहणाऱ्यास भिंतीतील एखाद्या दगडावर जुनी माया नक्षी आढळते. गवंड्याने तो दगड उलटा बसवण्याचीही तसदी घेतली नव्हती.

या मठाच्या उभारणीत ज्याचा पुढाकार होता, तो दिएगो दे लांदा १५४९ मध्ये स्पेनहून युकातानात आला. तेव्हा त्याचे वय अवघे पंचविशीचे होते. तो माया भाषा शिकला, गावोगाव पायी हिंडला, लोकांशी बोलला. आणि याच लांदाने जुलै १५६२ मध्ये मानी या गावी माया लोकांच्या हजारो मूर्ती फोडविल्या व त्यांचे ग्रंथ अग्नीत टाकले. ग्रंथांची संख्या २७ सांगितली जाते. गुप्तपणे मूर्तिपूजा केल्याच्या संशयावरून लोकांना दोरांनी टांगून यातना देण्यात आल्या. त्यांत १५० हून अधिक माणसे दगावल्याचे पुढील चौकशीत नोंदले गेले.

ते ग्रंथ म्हणजे झाडाच्या सालीचा कागद, त्यावर चुन्याचा मुलामा, लांबलचक पट्टीच्या घड्या आणि घडीघडीवर रंगीत चित्रलिपी. त्यांत ग्रहणे, शुक्राची गती, विधींचे दिवस असे गणित भरलेले असे. शिंपल्यासारख्या चिन्हाने शून्य लिहिणारे हे लोक होते. ज्या घरांत पोथीला चुकून पाय लागला तरी नमस्कार केला जातो, तेथील वाचकांना त्या दिवशीच्या आक्रोशाची कल्पना करून देण्याची गरज नाही. लोकांना फार दुःख झाले, हे लांदाने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याचे त्याला नवल वाटले, हेही. आज अवघ्या जगात अशा ४ पोथ्या उरल्या आहेत.

नव्याने आलेल्या बिशपला हा प्रकार मुळीच रुचला नाही. लांदाला उत्तर देण्यासाठी स्पेनला जावे लागले आणि तेथे १५६६ च्या सुमारास त्याने युकातानविषयी एक ग्रंथ लिहिला. जे जाळले त्याचेच वर्णन त्याने बारकाईने केले: पंचांग, शेती, लग्ने, घरे. व्यापाराकडे या लोकांचा विशेष ओढा असल्याचे तो नमूद करतो. मीठ व कापड घेऊन ते दूर ताबास्कोपर्यंत जात आणि बदल्यात काकावच्या बिया व रत्नमणी आणत. हेच त्यांचे चलन. त्या व्यापारात गुलामही असत, हेही तो लपवत नाही. उधार देणे आणि फेडणे सौजन्याने होई, व्याज घेतले जात नसे, असेही तो सांगतो. पेढीवर बसणाऱ्याने या ओळीपाशी क्षणभर थांबावे.

लांदा निर्दोष ठरला, १५७३ मध्ये बिशप होऊन परतला आणि १५७९ मध्ये मेरिदा येथे वारला. त्याच्या ग्रंथाची संक्षिप्त नक्कल माद्रिदच्या दप्तरात पडून राहिली व १८६४ मध्ये छापली गेली. त्यात माया लिपीची एक वर्णमाला होती. विद्वानांनी ती चुकीची म्हणून बाजूला सारली. १९५२ मध्ये लेनिनग्राडच्या युरी क्नोरोझोव्ह यांनी तीतील मर्म ओळखले: लांदा स्पॅनिश अक्षरांची नावे उच्चारत होता आणि माया लेखक ऐकू आलेल्या ध्वनींची चिन्हे काढत होता. ती अक्षरे नव्हतीच, ते ध्वनिखंड होते. पुढे त्याच किल्लीने मंदिरांवरील शिलालेख वाचता येऊ लागले. ज्या हाताने ग्रंथ जाळले, त्याच हाताच्या टिपणावाचून ते शिलालेख वाचणे किती लांबले असते, या प्रश्नाने अभ्यासक आजही अस्वस्थ होतात.

इसामालमध्ये लांदाचा पुतळा आहे आणि त्याच्यासमोरून घोडागाड्या जातात. शाकाहारी प्रवाशाने येथे एक काळजी घ्यावी: घेवड्याच्या उसळीत बहुधा डुकराची चरबी असते, तेव्हा आधी विचारावे. भोपळ्याच्या भाजलेल्या बिया व टोमॅटो वाटून केलेली ‘सिकिल पाक’ ही चटणी मक्याच्या गरम भाकरीशी उत्तम लागते. मात्र तीतही कांदा असतो का, हे विचारून घ्यावे.

भरतकामाचे पांढरे झगे घातलेल्या बाजारातील वृद्ध स्त्रिया आपसांत अजून माया भाषेतच बोलतात. लांदाने माया लेखकाला नमुन्यादाखल एक वाक्य लिहावयास सांगितले होते. त्याने लिहिले ‘मा इन काती’, आणि लांदाने ते तसेच ग्रंथात उतरवून घेतले. अर्थ असा: मला नको.