पाहून आलेलीं मंडळी

आमच्या मध्यमवर्गांत देशाटनाची जी हौस गेल्या पंधरा-वीस वर्षांत बळावली आहे, तिचा ओघ अलीकडे कोरियाकडे वळलेला दिसतो. सिंगापूर व बँकॉक हीं आतां आत्याबाईच्या गांवासारखीं झालीं. तरुण मुलामुलींनीं कोरियन मालिका पाहून त्या भाषेचे चार शब्दही आत्मसात केले. तेव्हां आईबापांनीं आठ दिवसांची सहल ठरवावी हें ओघानेंच आलें. पेण व रोहें यांसारख्या तालुक्याच्या गांवांतूनही अशीं कुटुंबें जाऊं लागलीं आहेत. समुद्रपर्यटन निषिद्ध मानणाऱ्या पिढ्यांचे आम्ही वंशज. या नव्या इच्छेचें आम्ही मनापासून स्वागतच करतों. आमचा तंटा आहे तो या मंडळींच्या तोंडच्या एका वाक्याशीं. परत आल्यावर, छायाचित्रें दाखवून झाल्यावर, एक सुस्कारा सोडून तीं म्हणतात, “नाहीं तर आमच्या पेण-रोह्यांत पाहण्यासारखें आहे तरी काय?”

हें वाक्य नुसत्या अज्ञानाचें असतें तर आम्ही लेखणी उचलली नसती. अज्ञान क्षम्य आहे. परंतु ज्या प्रदेशांत ‘पाहण्यासारखें कांहीं नाहीं’ असें तेथील सुशिक्षितच म्हणतात, त्या प्रदेशांतील डोंगर, खाडी, शेत हें सगळें विकण्यासारखें मात्र होऊन बसतें. म्हणून हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाहीं.

या मंडळींना कोरियांत काय दाखवितात तें प्रथम पाहूं. ग्योंगजू या प्राचीन राजधानीजवळ तोहामसान डोंगरावर सोकगुराम नांवाचें देवस्थान आहे. शिल्ला राजवटींत, आठव्या शतकाच्या मध्यास, ग्रॅनाइटच्या शिळा घडवून व रचून तेथें एक कृत्रिम गुहा केली आणि तींत बुद्धाची भव्य मूर्ति बसविली. १९९५ सालीं बुलगुक्सा मंदिरासह हें स्थान युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत आलें. आमच्या प्रवाशांनीं तेथें हात जोडले यांत नवल नाहीं. पण डोंगराच्या पोटांत बुद्धाची पूजा करण्याची कल्पना त्या देशास पोंचली कोठून? ती मध्य आशिया व चीन या मार्गानें भारतांतून गेली. आणि ज्या सह्याद्रीच्या परिसरांत ती बहरास आली, त्याच परिसरांत, रोह्याहून तळ्यावरून तास-सव्वा तासाच्या वाटेवर, कुड्याचीं लेणीं आहेत.

राजपुरीच्या खाडीकडे तोंड करून खोदलेलीं हीं सव्वीस लेणीं इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतलीं. खाडीच्या मुखाशीं जंजिरा आहे, तो सर्वांस ठाऊक. खाडीच्या आंतल्या टोकाशीं मांदाड आहे, तें कोणास ठाऊक नाहीं. ग्रीक प्रवासवर्णनांतील मंदगोर बंदर तें हेंच, असें कित्येक विद्वान् मानतात. व्यापाराच्या पैशावर हीं लेणीं उभीं राहिलीं, आणि तो पैसा कोणाचा होता हें भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत कोरून ठेवलें आहे. मांदव कुळांतले महाभोज तेथें आहेत, हें खरेंच. परंतु त्यांच्या शेजारीं एक लेखक आहे, वैद्याचे कुटुंबीय आहेत, माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, एक भिक्षुणी आहे, आणि भायिला नांवाची एक ब्राह्मण गृहिणीही आहे. राजेरजवाड्यांच्या पदरचा नव्हे, तर आपल्यासारख्याच पोटापाण्याच्या उद्योगांतल्या माणसांचा हा वहीखाता आहे! सहाव्या लेण्याच्या दर्शनी बाजूस दगडी हत्ती उभे आहेत. आंत पुढच्या काळांत कोरलेल्या बुद्धमूर्ति आहेत. सोकगुराम पाहून आलेल्या मनुष्यानें तर येथें अगत्य यावें, कारण त्याला दोन्ही टोकें जुळवितां येतील. आमच्या वर्गांत एकदां आम्हीं विचारून पाहिलें. ऐंशी विद्यार्थ्यांपैकीं कुडें पाहिलेले तिघे निघाले, आणि त्यांतला एक तेथें मामाचें घर म्हणून गेलेला.

यावर उत्तर तयार असतें. तिकडे स्वच्छता आहे, शिस्त आहे, वाटाड्या आहे. इकडे धड पाटी नाहीं. हा आक्षेप खोटा नाहीं. पण ती शिस्त काय आकाशांतून पडली? सेऊलमधील ग्योंगबोकगुंग हा राजवाडा १३९५ सालचा. १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळीं तो जळाला आणि १८६७ च्या सुमारास पुन्हां उभा राहिला; १९१० नंतर जपानी सत्तेनें त्यांतील बहुतेक इमारती पाडून पुढ्यांतच आपल्या गव्हर्नर-जनरलचें कार्यालय थाटलें. स्वतंत्र कोरियानें १९९० पासून वाड्याची पुनर्रचना हातीं घेतली व १९९५-९६ सालीं तें कार्यालय जमीनदोस्त केलें. आमचे प्रवासी भाड्याचा हानबोक अंगावर चढवून ज्या अंगणांत छायाचित्र काढतात, तें अंगण अशा हट्टानें परत मिळविलेलें आहे. तेथील शाळांच्या सहली पिढ्यान्-पिढ्या ग्योंगजूस जात आल्या आहेत. घरच्यांनीं आधीं पाहिलें, मग परक्यांस दाखविलें. आमचा क्रम उलटा: परक्यांचें पाहावयाचें आणि घरचें परक्यानें येऊन वाखाणावें म्हणून वाट पाहावयाची.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोक येऊं लागले कीं स्थळ नासतें. कोलाड पाहा, असें म्हणतात. कोलाडास आम्ही पाहिलें आहे. कुंडलिकेच्या पाण्यावर रबरी होड्यांतून किंकाळ्या मारीत जाणाऱ्या तरुणांचा आनंद आम्हांस हिरावून घ्यावयाचा नाहीं. परंतु ऐन वैशाखांत, कोंकणच्या बाकीच्या नद्या आटल्या असतां, हीच नदी दुथडी कशी वाहते, हें त्यांतल्या कितींनीं विचारलें असेल? तें पाणी मुळशीचें. टाटांच्या वीजयोजनेनें पूर्वेस जाणारें पाणी अडवून सह्याद्रीच्या कड्यावरून भिऱ्याच्या वीजगृहांत उतरविलें. सकाळीं वीज काढून झाली कीं तेंच पाणी कुंडलिकेंत सुटतें आणि त्यावर होड्या चालतात. या धरणाखालीं आपल्या जमिनी जाऊं नयेत म्हणून १९२१ सालीं मावळ्यांनीं सत्याग्रह मांडला, सेनापति बापट त्यापायीं तुरुंगांत गेले, आणि गांवें तरीही बुडालीं. या पाण्याखालची गोष्ट होडींत बसविण्यापूर्वीं कोणी चार वाक्यांत सांगितली, तर किंकाळ्या थोड्या कमी होतील एवढेंच! पुढें हीच नदी धाटावच्या रसायनांच्या कारखान्यांजवळून जाते, आणि तेथें तिचें काय होतें हें पाहावयास कोणतीच सहल थांबत नाहीं. तेव्हां कोलाड नासलें असेल तर तें पाहण्यामुळें नव्हे. न पाहतां केवळ उपभोगल्यामुळें.

पेणेची गोष्ट तर याहून बोलकी आहे. विनोबांचें जन्मगांव गागोदें याच तालुक्यांतलें, पण तें राहूं द्या. येथल्या खारभूमीवर, हेटवणें धरणाच्या लाभक्षेत्रांत, विशेष आर्थिक क्षेत्र करावयाचें घाटत होतें. २१ सप्टेंबर २००८ रोजीं २२ गांवांतील शेतकऱ्यांचें त्यावर मत घेण्यांत आलें, आणि त्यांनीं प्रचंड बहुमतानें नकार दिला. ‘पाहण्यासारखें कांहीं नाहीं’ असें ज्यांना वाटत नव्हतें अशीं हीं माणसें. त्यांतल्या बहुतेकांनीं परदेशाचें विमान पाहिलें नसेल. आमचा सुशिक्षित वर्ग त्या वेळीं जमिनीचा भाव काय फुटेल याची चर्चा करीत होता, हें आम्हीं स्वतःच्या कानांनीं ऐकलें आहे.

आतां ज्यांस खरोखरच पाहावयाचें असेल त्यांनीं आरंभ घराजवळच करावा. पेण, हमरापूर, जोहें येथील गणपतीच्या कारखान्यांत चतुर्थीच्या आदल्या आठवड्यांत जाऊं नये. तेव्हां केवळ गिऱ्हाइकांची गर्दी असते. ज्येष्ठ-आषाढांत जावें. त्या वेळीं मूर्तींच्या डोळ्यांची आखणी चाललेली असते. हें काम कारखान्यांतल्या निवडक हातांकडेच असतें, आणि एक डोळा आंखून दुसरा त्याच्याशीं जुळेपर्यंत तो कारागीर कोणाशीं बोलत नाहीं. मुलांना तेवढा वेळ गप्प उभें करतां आलें तर करावें. कुड्यास मात्र पावसाळा सरल्यावर, मार्गशीर्षांत, सकाळच्या उन्हांत जावें. पाण्याची बाटली व टॉर्च बरोबर घ्यावी आणि पाटी मिळेल अशी आशा धरूं नये.