चालतंय ना, मग कशाला उघडायचं?

गेली दोन वर्षं हे वाक्य मीच म्हणत होते, म्हणून आज त्याच्या विरोधात लिहायचा मला थोडाफार हक्क आहे. आपल्या मंडळातच तीन-चार जणांच्या मनगटावर आजोबांची चावीची घड्याळं दिसतात. जुनी एचएमटी पुन्हा फॅशनमध्ये आली आहेत, आणि ते मला आवडतं. पण हे घड्याळ शेवटचं कधी उघडलं होतं, असं विचारलं की सगळे गप्प होतात. मलाही सांगता आलं नसतं.

माझं घड्याळ शापायचं. (आमच्या घरात आजोबांना शापाय म्हणतात. पणजोबा गोव्याहून बेळगावला आले, त्यांच्याबरोबर शब्दही आला.) एचएमटी जनता, पांढरी डायल, तिच्यावर देवनागरीत ‘जनता’. आपल्या गावात पाटी कुठल्या लिपीत असावी यावरून काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पण बंगळूरच्या कंपनीचं हे देवनागरी घड्याळ शापायच्या हातावर कधी कुणाला खुपलं नाही. सकाळच्या मिसाहून आले की चहाच्या आधी चावी, हा त्यांचा नेम. ते गेल्यावर घड्याळ कपाटात पडून होतं. बारावीनंतरच्या सुट्टीत मी ते काढलं, चावी दिली आणि टिकटिक सुरू झाली. मोबाइलवर अशी अ‍ॅप आहेत जी टिकटिक ऐकून घड्याळ किती पुढे-मागे जातं ते सांगतात. माझं दिवसाला सात-आठ सेकंद पुढे जात होतं. मी ते सगळ्यांना दाखवत फिरले. एवढ्या जुन्या घड्याळाची तब्येत ठणठणीत आहे, अशी माझी खात्रीच झाली.

यंदा पट्ट्याची पिन तुटली म्हणून खडेबाजारातल्या एका घड्याळवाल्या काकांकडे गेले. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, मागचं झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं आणि विचारलं, “पोरी, हे किती दिवसांपासून असंच घालतेस?”

“दोन वर्षं. वेळ बरोबर दाखवतं काका.”

“वेळ दाखवतंय गं. पण बघ ना, दम किती लागलाय त्याला.”

त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. आत एक चाक मागे-पुढे झोके घेत असतं, ते बॅलन्स व्हील. पूर्ण चावी दिलेलं चांगलं घड्याळ आडवं ठेवलं तर हे चाक प्रत्येक झोक्याला मध्यापासून पाऊण फेरी तरी जायला हवं. माझं जेमतेम अर्धी फेरी जात होतं.

मग वेळ बरोबर कशी? इथेच आपण सगळे फसतो. 1675 साली ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने या चाकाला केसासारखी बारीक गोल स्प्रिंग लावायची युक्ती प्रसिद्ध केली. तिचा गुण असा, की झोका मोठा असो वा लहान, त्याला लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच राहतो. त्या गुणावरच घड्याळ चालतं, आणि तोच गुण त्याचं दुखणं लपवतो. आतलं तेल सुकतं, चाकं जड होतात, झोका लहान होत जातो, तरी काटे वेळेवरच फिरतात. ज्या दिवशी वेळ चुकायला लागते त्याच्या कितीतरी आधी आत झीज सुरू झालेली असते.

ही झीज होते कशी, तेही काकांनी दाखवलं. ‘17 ज्वेल’ वाचून पुष्कळांना वाटतं की आत काहीतरी मौल्यवान आहे. ते कृत्रिम माणिक असतात. चाकांच्या आसाची पोलादी टोकं त्यांच्या भोकांत फिरतात आणि तेलाचा एक सूक्ष्म थेंब तिथे धरून ठेवलेला असतो. पाच-सहा वर्षांत ते तेल सुकतं नाहीतर चिकट होतं. त्यात धूळ बसली की त्याचा घासायचा लेपच तयार होतो. माणिक पोलादापेक्षा कठीण, त्यामुळे झिजतं ते पोलाद. माझं घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं, म्हणजे दिवसाला 4 लाख 32 हजार. दोन वर्षांत एकतीस कोटींच्या वर. एवढे ठोके मी ते कोरडं पळवलं. एका चाकाच्या आसाच्या टोकावर त्याची खाच पडली होती. कपाटात पडून होतं तेव्हा निदान झिजत तरी नव्हतं!

पप्पांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांच्या मते चांगल्या चाललेल्या यंत्राला हात लावला की ते बिघडतं. हे अगदीच खोटं नाही. ‘सर्व्हिसिंग’ या नावाखाली पुष्कळ ठिकाणी नुसतं झाकण उघडतात आणि दिसेल तिथे तेल सोडतात. शापायच्या घड्याळाचंही कधीतरी कुणीतरी हेच केलं होतं. सुकलेल्या मळीवर नवं तेल सोडलं की मळ पातळ होऊन पसरतो, इतकंच. जास्त तेल भोकात टिकत नाही, ओघळून जातं. केसाच्या स्प्रिंगवर थेंब गेला तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पिसाटासारखं पुढे धावतं. पण म्हणून उघडूच नये असं नाही. कोण उघडणार आणि काय करणार, हे आधी विचारावं. पूर्ण खोलणार का? प्रत्येक चाक वेगळं धुणार का? मेन स्प्रिंग तपासणार का? या तीन प्रश्नांना “बघू हो” असं उत्तर आलं तर घड्याळ खिशात घालून परत यावं.

आता पैशांबद्दल. काकांनी सगळे मिळून 900 रुपये सांगितले. पप्पा म्हणाले, “तेवढ्यात नवीन सेलचं येतं.” येतं की. पण काकांचे त्या घड्याळात तीन-साडेतीन तास गेले, तेही चिमट्याने, श्वास रोखून. आपण चारशे रुपयांची कॉफी घासाघीस न करता पितो आणि खडेबाजारात मात्र पन्नास रुपयांसाठी वाद घालतो. मीही आधी “सातशे करा ना काका” म्हटलं होतं, ते इथे कबूल करते. काकांची कमाई मुख्यतः सेल बदलण्यावर आणि पट्ट्यांवर चालते. हाताखाली शिकायला कुणी नाही. त्यांचा मुलगा दुकानात बसतो, पण मोबाइलची कव्हरं विकायला.

सुट्या भागांची गोष्ट तर याहून वाईट. एचएमटीची घड्याळं 1961 साली सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने सुरू झाली, आणि 2016 च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. जे भाग शिल्लक आहेत ते आहेत. माझं झिजलेलं चाक बदलायला काकांनी डब्यातली दुसरी एक मेलेली जनता फोडली. म्हणजे माझ्या आळसापायी कुणाच्या तरी आजोबांचं घड्याळ कायमचं गेलं. ऑनलाइन मिळणारी हजार-बाराशेची चकचकीत ‘व्हिंटेज एचएमटी’ही पुष्कळदा अशीच जोडलेली असतात: एकाचं झाकण, दुसऱ्याचं मशीन, आणि नव्याने छापलेली निळी-केशरी डायल, जी कारखान्याने कधी काढलीच नव्हती. ज्यांना आवडतात त्यांनी घ्यावीत. फक्त त्यांना वारसा म्हणू नये.

झाकणाच्या आतल्या बाजूला आधीच्या कारागिरांनी सुईने कोरलेल्या तारखा सापडल्या: 1984, 1989, 1994, 2000. साधारण पाच-सहा वर्षांनी शापाय ते उघडून घेत होते, चालू असतानाच. त्यानंतर काही नाही. त्या सुमारास ते रिटायर झाले होते आणि घरात माझ्या आत्यांच्या लग्नांचा खर्च होता. काकांनी खाली यंदाची तारीख कोरली. आता झोका पाऊण फेरीच्या जरासा अलीकडे आहे. “वयाच्या मानाने ठीक,” काका म्हणाले. रोज सकाळी एकाच वेळी चावी द्यायची, ती अडली की थांबायचं, आणि जून ते सप्टेंबर घालायचं नाही, एवढं त्यांनी बजावलंय. आपला पाऊस त्या झाकणाला मुळीच अडत नाही.

पप्पांचं लग्नातलं एचएमटी अजून त्यांच्या कपाटात आहे. मी मागितलं तर म्हणाले, “अगं, परवाच चावी दिली होती. मस्त चालतंय.”