मोडीच्या भावाचा न्याय

पितळेचा चालता हंडा आणि मोडीत काढलेला हंडा यांची किंमत एक नसते, हे सोनगीरच्या तांबटाला सांगावे लागत नाही. दुसऱ्याच्या घरातला वापराचा हंडा उचलून त्याच्या हातावर मोडीचे पैसे ठेवणे, याला तेथील बाजारात व्यवहार म्हणत नाहीत. जमिनीच्या बाबतीत मात्र यालाच कायदा म्हणतात, आणि त्याचे समर्थन करणारे एक शास्त्रही उभे आहे.

रिचर्ड पोस्नर यांच्या १९७३ च्या ग्रंथापासून कायद्याला अर्थशास्त्राच्या तराजूत तोलण्याची विचारसरणी अमेरिकेत प्रतिष्ठित झाली. तिची मुख्य कसोटी कॅल्डॉर आणि हिक्स यांनी १९३९ मध्येच मांडली होती. ज्यांना लाभ होतो ते नुकसान सोसणाऱ्यांना भरपाई देऊनही फायद्यात राहू शकत असतील, तर निर्णय कार्यक्षम! भरपाई प्रत्यक्ष दिलीच पाहिजे, अशी अट नाही. देता आली असती, एवढे पुरे.

या ‘असती’चा अर्थ धुळे जिल्ह्याने पाहिला आहे. शिंदखेडा तालुक्यातील विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची पाच एकर जमीन वीजप्रकल्पासाठी गेली. हाती सुमारे चार लाख रुपये आले. दाद मागून थकल्यावर जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. फेरमूल्यांकनाचे आश्वासन आले ते विष घेतल्यानंतर. शास्त्राच्या हिशेबात हा प्रकल्प कार्यक्षमच ठरेल. त्या हिशेबात हेलपाट्यांना रकाना नाही.

विजेचा लाभ लाखोंना होतो, एका शेतकऱ्यासाठी तो अडवावा काय, असा प्रश्न केला जातो. प्रश्न अडविण्याचा नाहीच. लाभ एवढा मोठा असेल, तर त्यातून पुरा मोबदला देणे जड का जावे? एकूण बेरीज मोठी दाखवायची आणि वजाबाकी कोणाच्या नावे पडली ते लपवायचे, हे अर्थशास्त्र नव्हे; सत्तेची हिशेबवही आहे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि ताब्यापूर्वी मोबदला ही तत्त्वे मान्य केली. परंतु त्याच कायद्याने तेरा कायदे बाजूला ठेवले; सोनगीरवरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्याला लागू असलेला राष्ट्रीय महामार्ग कायदा त्यांपैकीच एक. मोबदल्याच्या तरतुदी २०१५ पासून तेथे आल्या. सामाजिक परिणामांचा अभ्यास आलाच नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी हिशेबाला भिऊ नये, तो पुरा करावा. संयुक्त मोजणीच्या दिवशी बांधावर हजर राहावे. विहीर, पाइपलाइन, झाडन् झाड पंचनाम्यात चढवून घ्यावे. हरकत मुदतीत आणि लेखी नोंदवावी. खरेदीखतांत दडविलेल्या भावांवरून काढलेला दर मुकाट्याने स्वीकारू नये. कष्टकऱ्याची वजाबाकी ज्या बेरजेत दिसत नाही, ती बेरीज नामंजूर करणे हेही कायद्याचेच काम आहे.