पैलतीरावरचे गाव

माणसाने साठी ओलांडली की त्याने प्रवास करावा तो तीर्थाटनासाठी, नाही तर परदेशी असलेल्या मुलानातवंडांकडे, असा आपल्या समाजात एक अलिखित संकेत आहे. काशी, रामेश्वर, पंढरपूर ही एक दिशा. न्यू जर्सी, टोरांटो, ह्यूस्टन ही दुसरी. पहिल्या दिशेला पुण्य आहे, दुसरीला माया आहे, आणि दोहोंविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि केवळ पाहण्यासाठी, चार पावले चालण्यासाठी, परक्या मुलखातील माणसांचे जगणे स्वस्थपणे न्याहाळण्यासाठी वृद्धांनी घराबाहेर पडावे, हा विचार अजून आपल्या अंगवळणी पडलेला नाही. ‘आता या वयात कसली हौस?’ हा प्रश्न मुलांनी विचारण्यापूर्वी आईबापच स्वतःला विचारून मोकळे होतात. आमच्या मते प्रश्न हौसेचा नाहीच. तो स्थळाच्या निवडीचा आहे. म्हणून आज आम्ही वाचकांस एका स्थळाची ओळख करून देत आहोत. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरील पुएर्तो वायार्ता हे ते गाव.

इतक्या दूरच्या गावाची उठाठेव आपण कशाला करावी, असे कोणी म्हणेल. परंतु गोव्यातील, बेळगावातील, बडोदे-इंदुरातील कितीतरी घरांतली मुले आज अमेरिकेत व कॅनडात स्थायिक आहेत. त्यांचे आईवडील तिकडे महिनोन्‌महिने राहतात, आणि हिवाळा असेल तर बंद काचेच्या आडून बर्फ पाहण्यात दिवस कंठतात. त्याच दिवसांत, तेथून काही तासांच्या विमानप्रवासावर, नारळीची झाडे, उबदार वारा आणि समुद्रात मावळणारा सूर्य असलेला किनारा आहे, हे त्यांतील पुष्कळांस ठाऊकही नसते. भारतातून मुद्दाम तेवढ्यासाठी जावे असे आम्ही म्हणत नाही. तिकडे गेलेल्यांनी मात्र ही वाट जरूर वाकडी करावी.

पुएर्तो वायार्ता हे जालिस्को राज्यातील शहर बांदेरास नावाच्या विस्तीर्ण उपसागराच्या कुशीत वसले आहे. पाठीशी सिएरा माद्रे पर्वताच्या हिरव्या रांगा, पुढ्यात प्रशांत महासागर, आणि मधून वाहत येणारी क्वाले नदी. सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्या बेचक्यात वाढलेल्या माणसास ही रचना नवी वाटणार नाही. गावाची स्थापना परंपरेने १८५१ सालची मानली जाते. तेव्हा त्याचे नाव लास पेन्यास होते, आणि डोंगरातील चांदीच्या खाणींस लागणारे मीठ येथे उतरवले जाई. १९१८ साली गावास नगरपालिकेचा दर्जा मिळाला व इग्नासिओ वायार्ता या जालिस्कोच्या विख्यात कायदेपंडिताचे नाव देण्यात आले. पुढे १९६३ साली जॉन ह्यूस्टन या दिग्दर्शकाने जवळच्या मिस्मालोया येथे ‘द नाइट ऑफ द इग्वाना’ या चित्रपटाचे चित्रीकरण केले. रिचर्ड बर्टन त्यात नायक होता, त्याच्यासोबत एलिझाबेथ टेलर आली, आणि त्या दोघांच्या मागावर जगातील वार्ताहर आले. १९७० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन व मेक्सिकोचे अध्यक्ष दियास ओर्दास यांची भेटही येथेच झाली. कोळ्यांचे व शेतकऱ्यांचे गाव पाहता पाहता पर्यटननगर झाले. २०२० च्या जनगणनेत या नगरपालिकेची लोकसंख्या सुमारे २ लाख ९० हजार भरली. ज्या दशकात जगास गोव्याचे किनारे गवसले, त्याच दशकात वायार्ताचेही भाग्य, किंवा दुर्भाग्य, उजाडले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मग वृद्धांनी तेथे जावे ते कशासाठी? आमचे उत्तर एका शब्दात आहे: मालेकोन. जुन्या शहराच्या कडेने समुद्राला लागून गेलेला हा सुमारे मैलभराचा फरसबंद मार्ग. २०११ च्या सुमारास तो वाहनांस बंद करण्यात आला, आणि आता तेथे राज्य आहे ते पायी चालणाऱ्यांचे. रस्ता सपाट आहे. बसायला जागा आहेत. एका बाजूस लाटा आहेत, दुसऱ्या बाजूस दुकाने आणि उपाहारगृहे. वाटेत शिल्पे आहेत. त्यांपैकी समुद्रघोड्यावर स्वार झालेला नग्न मुलगा ही राफाएल सामारिपा यांची कृती शहराचे चिन्हच होऊन बसली आहे. जवळच ग्वादालुपे मातेचे मंदिर आहे. त्याच्या शिखरावर मुकुट आहे. डिसेंबरचे पहिले बारा दिवस या मंदिराकडे गावोगावच्या व पेठांपेठांच्या मिरवणुका वाजतगाजत येतात. जत्रेच्या गर्दीत वाढलेल्या आपल्या माणसांस तेथे परकेपणा वाटू नये.

परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. मुख्य चौकात काही संध्याकाळी बँड वाजतो, आणि स्थानिक वृद्ध जोडपी नीटनेटका पोशाख करून ‘दान्सोन’ नावाचे संथ नृत्य करतात. त्यांना पाहावयास कोणी तिकीट लावत नाही, की त्यांच्या वयाकडे पाहून कोणी हसत नाही. पर्यटकांसाठी सजवलेल्या शहरात तेथल्या म्हाताऱ्या माणसांना स्वतःची जागा उरली आहे. कोणत्याही किनारी गावाची परीक्षा आम्ही याच एका कसोटीवर करू.

आपल्या माणसांस तेथे आणखीही ओळखीच्या खुणा भेटतील. मालेकोनवर ‘तुबा’ विकणारे फिरतात. तुबा म्हणजे माडाचा रस, आपली सूरच! १५६५ पासून १८१५ पर्यंत मनिला आणि आकापुल्को यांच्या दरम्यान स्पॅनिश गलबते ये-जा करीत. त्यांतून फिलिपिनी खलाशांनी माड आणि माड छेदण्याची विद्या दोन्ही त्या किनाऱ्यावर नेली. आपल्या रेंदेराचा हा दूरचा भाऊबंद म्हणावयाचा. आंबाही त्याच गलबतांनी तिकडे पोचला. तेथील एका जातीस आजही मनिला हेच नाव आहे. उलट मिरची, चिकू आणि दसऱ्याच्या तोरणातला झेंडू ही त्या भूमीने जगास दिलेली देणगी. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मेक्सिकन माणूस आपल्या मृतांचे स्मरण करतो, त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडतो आणि झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतो. पितरांना पान वाढणाऱ्या समाजास याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आणि मराठी माणसाने त्या देशात पाय ठेवताना डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे स्मरण अवश्य करावे. वर्ध्याचा हा गदर क्रांतिकारक मायदेशाची दारे बंद झाल्यावर मेक्सिकोत गेला, चापिंगोच्या कृषिविद्यालयात अध्यापक झाला, मक्याच्या वाणांवर त्याने मोलाचे संशोधन केले, आणि दिएगो रिवेराच्या भित्तिचित्रात त्याला स्थान मिळाले. १९६७ साली नागपुरात त्यांचे निधन झाले. वायार्तात पानावर येणारी मक्याची ‘तोर्तिया’, म्हणजे चुन्यात भिजवून दळलेल्या मक्याची पातळ भाकरी, खाताना हे नाव आठवले तर तिला निराळीच चव येईल.

जेवणाविषयी दोन शब्द. मासे खाणाऱ्यांची तेथे चंगळ आहे. निखाऱ्यावर भाजलेला ‘सारांदेआदो’ मासा त्या किनाऱ्याची खासियत आहे. शिवराक मंडळींनी मात्र सावध असावे. घोटलेल्या कडधान्यात डुकराची चरबी घालण्याची तेथे रीत आहे. तिला ‘मांतेका’ म्हणतात. ‘सिन मांतेका’, म्हणजे चरबीविना, एवढे दोन शब्द पाठ केले तरी पुष्कळ अडचण टळते.

येथवर गुणवर्णन झाले. आता काळजीच्या गोष्टी. मालेकोन सपाट असला तरी त्यामागचे जुने शहर टेकडीवर चढत गेले आहे. गल्ल्या खड्या चढाच्या, आणि त्यांत वाटोळे गोटे बसवलेले. गुडघेदुखी असलेल्याने राहण्याची जागा घेताना दृश्याच्या मोहात पडून वरचे घर घेऊ नये; किनाऱ्यालगतच्या सपाट भागातले, उद्वाहक असलेले हॉटेल बघावे. मोसम पाहावा तो नोव्हेंबर ते एप्रिल. त्या काळात पाऊस जवळजवळ नसतो, आणि ऐन जानेवारीतही दिवसाचे तापमान २७-२८ अंशांच्या आसपास राहते. जून ते ऑक्टोबर हे दिवस पावसाचे, उकाड्याचे व वादळांचे. २००२ च्या ऑक्टोबरात केन्ना वादळाच्या लाटांनी मालेकोनची नासधूस केली होती, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात लिदिया हे वादळ शहराच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. डिसेंबर ते मार्च या काळात हंपबॅक जातीचे देवमासे पिल्ले घालण्यासाठी उपसागरात येतात. ते पाहण्यासाठी लहान होड्यांपेक्षा मोठी, कठडा असलेली नाव निवडावी. येलापासारख्या गावी जाणाऱ्या होड्यांतून हेलकाव्यात चढउतार करावी लागते. ती सर्वांस झेपणारी नाही.

पाणी बाटलीतले वा शुद्ध केलेलेच प्यावे. टॅक्सीस मीटर नसतो. दर विभागवार असतात, म्हणून बसण्यापूर्वी भाडे विचारून घ्यावे. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. सर्दीच्या काही गोळ्यांत असणारे स्यूडोएफेड्रिन हे द्रव्य मेक्सिकोत निषिद्ध आहे, हे लक्षात असावे. प्रवासातील आजारपणाचा विमा हा खर्च नसून गरज आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या ज्येष्ठांनीही हे ऐकावे. तेथील सरकारी ‘मेडिकेअर’ योजना सामान्यतः देशाबाहेरील उपचारांचा खर्च उचलत नाही. भारतीय पारपत्रावर अमेरिकेचा किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असल्यास पर्यटनासाठी निराळ्या मेक्सिकन व्हिसाची गरज पडत नाही. तथापि परतीच्या प्रवेशासाठी तो व्हिसा एकाहून अधिक वेळा चालणारा आहे ना, हे पाहावे, आणि तिकिटापूर्वी वकिलातीकडून खात्री करून घ्यावी. शेवटची गोष्ट स्पष्टच सांगितली पाहिजे. जालिस्को राज्यात अमली पदार्थांच्या टोळ्यांचे प्राबल्य आहे, आणि त्या हिंसेची झळ तेथील सामान्य कुटुंबे सोसत आहेत. निघण्यापूर्वी ताज्या सूचना वाचाव्यात, आणि रात्रीचे एकट्यादुकट्याचे भटकणे व आडवाटांचे प्रवास टाळावेत. समुद्राकाठचे सौंदर्य पाहताना त्यामागचे दुःख डोळ्यांआड करणे हे प्रौढ माणसास शोभणारे नाही.

या गावाच्या निमित्ताने आणखी एक विचार आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेने किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परकीयांस जमिनीची थेट मालकी नाकारली आहे. भरतीच्या रेषेलगतची २० मीटर रुंदीची पट्टी सरकारी, म्हणजे जनतेची, मानली जाते. व्यवहारात या निर्बंधांस फाटे फुटले. बँकांच्या विश्वस्तव्यवस्थेतून परकीयांची घरे उभी राहिली, हॉटेलांनी किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटा अडवल्याच्या तक्रारीही झाल्या. पण किनारा सर्वांचा, हे तत्त्व तेथे कायद्यात आहे आणि मालेकोनवर ते डोळ्यांना दिसतेही. त्या देशात साठी उलटलेल्या रहिवाशांस ‘इनापाम’ या सरकारी संस्थेचे ओळखपत्र मिळते व त्यावर सवलती मिळतात. सवलती आपल्याकडेही आहेत. आपल्याकडे वानवा आहे ती सपाट पदपथाची, सावलीतल्या बाकाची, आणि गाडीचा कर्णा न ऐकता समुद्रापर्यंत पोचता येईल अशा वाटेची. ज्या गावात जन्म काढला त्याच गावच्या वेळेवर संध्याकाळी जाण्यास आमची वडीलधारी मंडळी धजत नाहीत. कारण वाटेत गाड्यांचा तांडा असतो आणि काठावर खुर्च्यांचा बाजार. हे चित्र पाहून परदेशी पर्यटकांच्या संख्येवर समाधान मानणे आम्हांस जमत नाही.

म्हणून आमचे सांगणे दुहेरी आहे. परदेशातील मुलांनी आईवडिलांस बोलवावे ते केवळ नातवंडे सांभाळण्यासाठी नव्हे. एखादा आठवडा त्यांना अशा उबदार किनाऱ्यावर न्यावे, घाई न करता चालू द्यावे, हवे तेवढे बसू द्यावे. आईवडिलांनीही संकोच सोडून तसे मागावे. आयुष्यभर समुद्राकाठी राहिलेल्यास दुसरा समुद्र पाहावासा वाटणे यात गैर ते काय? आणि आपल्या नगरपालिकांनी, पंचायतींनी किनाऱ्याचा प्रत्येक नवा आराखडा संमत करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: सत्तर वर्षांचा आपला शेजारी हातात काठी घेऊन येथे एकटा येऊ शकेल काय? पुएर्तो वायार्ताने दोष असूनही, वादळे सोसूनही आपल्या मैलभर किनाऱ्यापुरते या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे दिले आहे. आमचे उत्तर अजून यावयाचे आहे.