सहा मिलिमीटरचा फोन आणि चौसष्ट दिवसांची मजुरी

मोखाडा तालुक्यातील पोशेरा येथून आमच्या एका वाचक बंधूंचे पत्र आले आहे. गावात त्यांचे लहानसे किराणा दुकान आहे आणि जोडीला नाचणी-वरईची थोडी शेती. मुलाने हट्ट धरला आहे की घरातला जुना मोबाईल आता टाकून द्यावा आणि वीस हजारांच्या आसपास मिळणारा नवा, अगदी पातळ असा अँड्रॉइड फोन घ्यावा. घरात चालू फोन एकच. दुकानाचे पैसे त्यावरच येतात, धाकट्या मुलीचा अभ्यास त्यावरच होतो आणि दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेल्या भावाची खुशालीही त्यावरच कळते. हा फोन घ्यावा की नाही, ते व्यापाराच्या पानावर स्पष्ट लिहा, अशी त्यांची मागणी आहे.

प्रश्न एका घरापुरता नाही. म्हणून आम्ही तो जरा तपशिलाने घेत आहोत.

पातळ फोनची ही लाट २०२५ साली जोरात आली. त्या वर्षी मे महिन्यात सॅमसंगने ५.८ मि.मी. जाडीचा गॅलेक्सी एस-२५ एज आणला, तर सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलने ५.६ मि.मी.चा आयफोन एअर आणला. हे दोन्ही श्रीमंतांचे फोन. परंतु बाजाराचा नियमच असा की वरच्या मजल्यावर जे मिरवले जाते ते लवकरच खालच्या मजल्यावर विकायला येते. त्याच सप्टेंबरमध्ये टेक्नो कंपनीने पोव्हा स्लिम हा ५.९५ मि.मी. जाडीचा फोन भारतात १९,९९९ रुपयांना बाजारात आणला. पोशेऱ्याच्या तरुणाच्या मनात भरलेला फोन याच जातीचा आहे.

आता किमतीचा हिशेब पाहू. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. त्या दराने वीस हजारांचा फोन म्हणजे चौसष्ट दिवसांची मजुरी. पावसाळ्यात भात-नाचणी आणि उरलेल्या महिन्यांत मिळेल ते काम, अशा मुलखात हा आकडा डोळ्यांसमोर ठेवूनच बोलले पाहिजे. शिवाय मोबाईलवर एप्रिल २०२० पासून अठरा टक्के जीएसटी आहे. म्हणजे या किमतीतले तीन हजारांहून अधिक रुपये सरकारच्या तिजोरीत जातात, फोनमध्ये येत नाहीत.

यावर कोणी म्हणेल की गरिबाने चांगला फोन घेऊच नये काय? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. उलट मोबाईल ही गरिबाची आज चैन राहिलेली नाही, ती त्याची गरज करून ठेवण्यात आली आहे. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी मोबाईलमधून, दिवसातून दोनदा फोटो काढून घेणे देशभर सक्तीचे झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या भगिनींना ई-केवायसी करावी लागली, तीही आधारशी जोडलेल्या मोबाईलवर आलेल्या आकड्यांच्या आधारे. ज्या घरात फोन बंद पडतो त्या घराचे रेशन, मजुरी आणि अनुदान यांचा दरवाजाही अर्धा बंद होतो. म्हणूनच फोन चांगलाच हवा. वाद आहे तो 'चांगला' कशाला म्हणायचे याबद्दल.

वाईट फोनने काय होते याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडलेले आहे. २०१९ साली महाराष्ट्र सरकारने अंगणवाडी सेविकांना कामासाठी मोबाईल दिले. त्यांची रॅम अवघी दोन जीबी होती. पुढे पोषण ट्रॅकर नावाचे ॲप आले, त्यात माहिती इंग्रजीत भरायची, आणि फोन तर मध्येच अडकून बसत, तापत, बंद पडत. हमीची मुदत संपल्यावर दुरुस्तीचा खर्चही सेविकांच्या अंगावर येऊ लागला. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. जव्हार-मोखाड्यासारख्या कुपोषणाने पोळलेल्या भागात बालकाच्या वजनाची नोंद वेळेवर होणे किती महत्त्वाचे आहे हे वेगळे सांगायला नको. फोन कसा दिसतो, किती पातळ आहे, याबद्दल त्या भगिनींची तक्रार नव्हती. तो काम करत नाही, ही तक्रार होती. फोन पारखण्याची खरी कसोटी त्यांनीच आपल्याला घालून दिली आहे.

याच कसोटीवर पातळ फोन घासून पाहावा म्हणून आम्ही एका परिचिताकडून तसा एक फोन आठ दिवसांसाठी मागून घेतला. तो वर उल्लेखलेल्या कंपन्यांपैकी कोणाचाही नव्हता. जे चांगले वाटले ते आधी सांगतो. फोन हलका होता, सदऱ्याच्या खिशात ओझे वाटले नाही. पडदा मोठा आणि स्वच्छ, उन्हातही अक्षरे वाचता आली. पैशांचे व्यवहार, फोटो, संदेश ही सारी रोजची कामे त्याने अडखळल्याशिवाय केली. दिवसभर हातात फोन धरून ज्यांना काम करावे लागते, त्यांच्या मनगटाला हा हलकेपणा नक्कीच सुखाचा आहे.

आता दुसरी बाजू. शहरात रात्रीपर्यंत टिकणारी बॅटरी आम्ही मोखाड्याकडे गेलो त्या दिवशी दुपारी चारलाच लाल झाली. यात फोनचा सगळा दोष नाही. टॉवर दूर असला, मध्ये डोंगर असला, की फोन टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी आपली ताकद वाढवतो आणि बॅटरी भराभर खातो. म्हणजे जिथे सिग्नल कमजोर तिथे बॅटरी मोठी हवी. आणि पातळ फोनमध्ये नेमकी जागाच कमी असते. वर सांगितलेल्या गॅलेक्सी एस-२५ एजची बॅटरी ३,९०० एमएएचची आहे, तर त्याच घराण्यातल्या जाड भावाची, एस-२५ अल्ट्राची, ५,००० ची. जाडी घटली तशी शिदोरीही घटली.

येथे न्यायाने हेही सांगितले पाहिजे की सगळे पातळ फोन असे नाहीत. बॅटरीत ग्राफाइटबरोबर सिलिकॉन मिसळण्याची नवी पद्धत आली आहे. तिच्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त वीज साठते. पोव्हा स्लिमची बॅटरीही ५,१६० एमएएचची आहे, म्हणजे जाड फोनच्या बरोबरीची. तेव्हा 'पातळ म्हणजे बॅटरी कमी' असे डोळे झाकून म्हणता येणार नाही. आकडा खोक्यावर छापलेला असतो, तो वाचावा. पाच हजारांच्या खाली असेल तर पोशेऱ्यासाठी तो फोन नाही, इतके सरळ आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. आपल्याकडे पाऊस चार महिने कोसळतो. खोक्यावर 'आयपी' आणि पुढे दोन अंक असतात. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा अंक चार असेल तर फक्त उडणाऱ्या थेंबांपासून बचाव होतो, आठ असेल तर ठरावीक खोलीच्या पाण्यात ठरावीक वेळ बुडाला तरी फोन वाचतो. पोव्हा स्लिमला आयपी ६४ आहे. म्हणजे शिंतोड्यांना हरकत नाही, पण ओढ्यात पडला तर अल्लाच मालक.

तिसरी गोष्ट सिग्नलच्या पट्ट्याची, आणि ती दुकानदारही सहसा सांगत नाही. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंती-झाडांतून चांगल्या शिरतात. बीएसएनएलच्या फोर-जी सेवेत याच लहरींचा उपयोग केला जातो, जिओनेही फाइव्ह-जीसाठी त्या घेतल्या आहेत. फोनमध्ये 'बँड २८' आणि 'एन २८' आहे काय, हे विचारून घ्यावे. नसेल तर गावात टॉवर असूनही फोन बहिरा राहण्याची शक्यता असते.

चौथी गोष्ट आयुष्याची. फोनमध्ये पैसे असतात, म्हणून त्याला सुरक्षेची नवी आवृत्ती मिळत राहणे जरुरीचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेला गॅलेक्सी ए-१७ हा ७.५ मि.मी. जाडीचा, ५,००० एमएएचचा साधा फोन १८,९९९ रुपयांपासून मिळू लागला आणि त्याला सहा वर्षे सुधारणा देण्याचे कंपनीने जाहीर केले. तो जड आहे आणि पाण्याच्या बाबतीत त्याचीही मजल शिंतोड्यांपुरतीच, हेही खरे. पण पातळ फोनशी तुलना करताना दीड मि.मी. आणि सहा वर्षे यांत आपल्याला काय हवे, हे ग्राहकाने ठरवावे. आणि तसेही, वीस हजारांचा फोन फुटू नये म्हणून पहिल्याच दिवशी त्याला रबराचे कव्हर घातले जाते. कव्हर घातले की तो दीड मि.मी.चा सडपातळपणा गेला. मग पैसे कशाचे मोजले?

पाचवी गोष्ट दुरुस्तीची. जव्हार-मोखाड्यात रेल्वे नाही. पडदा फुटला की एस.टी.ने नाशिक किंवा ठाणे-कल्याण गाठायचे म्हणजे भाडे गेले आणि दिवसही गेला. म्हणून घेण्यापूर्वी जव्हारच्या बाजारातल्या दुरुस्ती करणाऱ्याला विचारावे की या फोनचा पडदा व बॅटरी तुला मिळते काय आणि कितीला. त्याने मान हलवली नाही, तर तो फोन आपल्यासाठी नाही.

हप्त्यांबद्दल दोन शब्द. 'शून्य टक्के व्याज' ही पाटी पाहून अनेकजण फसतात. २०१३ साली रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वात नसते, व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपाने लपवलेले असते. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्त्यावाल्याला मिळत नाही, तेही व्याजच होय. पैसे जमेपर्यंत थांबणे यात काही कमीपणा नाही.

आमच्या व्यापारी बांधवांनाही एक विनंती आहे. मालाची उणीव झाकून तो विकणे ही कमाई नव्हे, हे आपण जाणता. ग्राहक डोंगरातला असेल तर त्याला आपण होऊन सांगा की हा फोन सुंदर आहे, पण तुमच्या कामाचा दुसरा आहे. एक विक्री लहान होईल, मात्र तो ग्राहक पुढच्या वेळी आपल्या साऱ्या पाड्याला घेऊन येईल.

पोशेऱ्याच्या बंधूंना आमचे उत्तर असे. बॅटरी, पाणी, पट्टा, सुधारणा आणि दुरुस्ती या पाच कसोट्यांना उतरणारा फोन पातळ निघाला तर मुलाचे मन जरूर राखा. न निघाला तर जाड फोन घ्या, बारा-तेरा हजारांत सहा जीबी रॅमचा मिळाला तर तोच पुरे. उरलेल्या सात हजारांत मुलीची पुस्तके येतील आणि दुकानात थोडा माल भरता येईल. मुलाला रागावू नका, त्याच्यासमोर हा हिशेब मांडा. चौसष्ट दिवस कसे जातात, हे त्यानेही शेतात पाहिलेले आहे.