‘चांगला पिक्चर सांग ना!’

"ए, एखादा चांगला पिक्चर सांग ना!"

सबमिशन संपलं रे संपलं की होस्टेलमध्ये हे वाक्य दर दुसऱ्या खोलीतून ऐकू येतं. मेसच्या रांगेत, जिन्यात, गीझरपाशी बादली घेऊन उभं असताना... कुठेही. आणि उत्तरही तयारच असतं. "काय?? हा नाही बघितलास? मग बघितलंस काय आयुष्यात!" त्यामागोमाग पंचवीस नावांची यादी येते. त्यातली तेवीस इंग्रजी नाहीतर कोरियन, प्रत्येकापुढे दहापैकी किती ते लिहिलेलं. यादी घेणारी मान डोलावते, ती आणखी चौघींना फॉरवर्ड करते आणि रात्री तीच जुनी सीरियल सातव्यांदा लावून झोपी जाते.

माझं मत विचाराल तर पिक्चर सुचवणं हे काम आपण फार वाईट करतो. सुचवताना समोरच्याचा विचार कमी आणि ‘मी काय काय पाहिलंय बघा’ हाच भाग जास्त! हे मी कोणाला टोमणा म्हणून म्हणत नाहीये. या बाबतीत आमच्या मजल्यावर मीच पहिली येईन.

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत आवारात मराठी बोललं की पाच रुपये दंड होता, त्यामुळे मराठी म्हणजे घरी आणि भाजीवाल्याशी बोलायची भाषा, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. मराठी पिक्चर म्हणजे तर टीव्हीवर रविवारी दुपारी लागतो तो. आई त्याच्यापुढे बसून मटार सोलते आणि आपण आत जाऊन हेडफोन लावायचे. ‘सैराट’ मात्र आम्ही २०१६ साली सगळे मिळून कल्याणला जाऊन पाहिला होता. शेवटी आईनं माझ्या डोळ्यांवर हात ठेवला, तेवढंच नीट आठवतं.

फर्स्ट इयरला माझी रूममेट सोलापूरकडची होती. एका रात्री तिनं तिच्या लॅपटॉपवर ‘फँड्री’ लावला. नागराज मंजुळेंचा हा पहिला मोठा चित्रपट, २०१४ साली प्रदर्शित झालेला. पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की मला निम्मे संवाद कळत नाहीयेत. मी हळूच म्हटलं, "सबटायटल्स लाव ना." तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लावली, काही बोलली नाही. माझ्याच भाषेतला सिनेमा मी खाली इंग्रजी वाचत वाचत पाहिला! शेवट सांगत नाही, पण तो झाल्यावर खोलीतला दिवा लावायला कोणी उठलं नाही. तिनं मला यादी दिली नव्हती, रेटिंग सांगितलं नव्हतं. "बस, हा बघू," एवढंच म्हणाली होती आणि शेवटपर्यंत शेजारी बसली होती.

त्यानंतर मला मराठी सिनेमाचं वेडच लागलं. नवीन धर्मांतरित माणूस जास्त कडवा असतो म्हणतात, तशी माझी गत झाली. मी सगळ्यांना सुचवत सुटले. डोंबिवलीच्या मावशीला ‘कोर्ट’ सांगितला. चैतन्य ताम्हाणेंचा चित्रपट, राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरलेला, २०१५ साली भारताकडून ऑस्करला गेलेला. एवढं सगळं मावशीला फोनवर ऐकवलं. तिला वाटलं कोर्ट म्हणजे जोरदार वकिली, साक्षीपुरावे, टेबलावर हात आपटणं... वीस मिनिटांनी तिचाच फोन. "अगं, तुझा पिक्चर अडकलाय बहुतेक. माणसं हलतच नाहीयेत!" आता त्यात कॅमेरा एका जागी ठेवून लांबलचक शॉट घेतलेत, हे मी आधी सांगायला नको होतं का? मावशीनं तो तरीही पूर्ण पाहिला. तिला आवडली कोणती जागा माहितीये? गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील कोर्टातून सुटते, लोकलनं घरी येते आणि स्वयंपाकाला लागते, ती. "दिवसभर त्या शाहिराला तुरुंगात ठेवा म्हणून भांडते आणि घरी आमच्यासारखीच पोळ्या लाटते गं," असं ती म्हणाली. एवढं नेमकं मला आमच्या सिनेमावेड्या ग्रुपमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

आता खरी गोष्ट. आम्ही बेलवलीत राहतो, बदलापूर पश्चिमेला. बाबा फोर्टला नोकरीला आहेत. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर, म्हणजे एका बाजूनं गाडीतच सव्वा-दीड तास, तोही गाडी वेळेवर असेल तर. सकाळी मी उठायच्या आत ते गेलेले असतात आणि रात्री नऊच्या पुढे घरी येतात. अशा माणसाला थेटरात कधी नेणार? मराठी पिक्चर लागतो शुक्रवारी, त्याचे खेळ भलत्याच वेळेला, आणि पुढच्या शुक्रवारी तो गायब. मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम मिळावा म्हणून महाराष्ट्रात, महाराष्ट्र सरकारला २०१५ साली फर्मान काढावं लागलं, यातच काय ते आलं. रविवारी बाबांना झोप हवी असते. म्हणजे आमच्याकडे सिनेमा हा घरीच. आणि हे फक्त आमच्याकडे नाही. कर्जत लाइनवरच्या बहुतेक घरांत हेच असणार.

दिवाळीच्या सुट्टीत मी मोठ्या तोऱ्यात घरी गेले. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि ‘डोंबिवली फास्ट’ लावला. निशिकांत कामतांचा २००५ सालचा चित्रपट. संदीप कुलकर्णीनं त्यात माधव आपटे नावाचा बँकेतला साधा माणूस केलाय. रोजची लोकल, रोजची गर्दी, रोजचा भ्रष्टाचार सहन करता करता एक दिवस त्याचं डोकं फिरतं आणि तो बॅट घेऊन निघतो. मला वाटलं, बाबा एकदम खूश होतील. त्यांच्याच आयुष्यावरचा सिनेमा!

पहिल्या काही मिनिटांत गजर, डबा, प्लॅटफॉर्म, धक्काबुक्की, ऑफिस, परत गाडी... हेच पुन्हा पुन्हा येतं. बाबांनी जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "अगं, हे तर मी रोज बघतो. पास काढून!"

सगळे हसले. मी नाही हसले. अर्ध्यावर बाबा उठून गॅलरीत गेले. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावून हळू आवाजात झापलं. "चार दिवस सुट्टी मिळालीये त्यांना. त्यातही परत त्याच गाडीत बसवतेस?" मग बाबांनी कपाटावरची जुन्या व्हीसीडींची पेटी खाली काढली. एका सिनेमाला दोन तबकड्या, पहिली संपली की उठून दुसरी घालायची आणि तेच इंटरव्हल. व्हीसीडी प्लेयर केव्हाच भंगारात गेलाय, पण पेटी आहे. त्यातलं ‘अशी ही बनवाबनवी’चं कव्हर मला दाखवून म्हणाले, "हा लाव." १९८८ चा सिनेमा! बाबांना पाठ आहे. संवाद यायच्या आधी हे म्हणून मोकळे होतात. मी चिडून लावला आणि कोपऱ्यात जाऊन बसले. बाबा मात्र डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. मी फोन बाजूला ठेवून त्यांच्याकडेच बघत राहिले.

त्या रात्री माझ्या लक्षात आलं, की ‘चांगला पिक्चर’ आणि ‘घरी बघण्यासारखा चांगला पिक्चर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थेटरात अंधार असतो, तिकिटाचे पैसे गेलेले असतात, माणूस बसून राहतो. घरी तसं नाही. मध्येच कुकरची शिट्टी होते, पाणी येतं, दूधवाला येतो, आजी दर दहा मिनिटांनी विचारते, "हा कोण? मघाचा तोच का?" या सगळ्यातून जो तरतो तो घरचा पिक्चर. आणि तो कोणाबरोबर बघायचाय, तो माणूस दिवसभर काय करून आलाय, हे माहीत नसेल तर आपण सुचवू नये. डॉक्टर नाही का, आधी काय होतंय ते विचारतात आणि मग औषध देतात.

दुसऱ्या दिवशी मी शहाणी झाले आणि ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावला. परेश मोकाशींचा, दीड तासाच्या आसपासचा, हसत हसत सरकणारा. बायकांची कामं करणाऱ्या पुरुषांच्या मिशांवरून होणारा गोंधळ पाहून आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. आणि एक गोष्ट बघा. ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहून दादासाहेब फाळके भारावले, तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो नेऊन दाखवला. नुसतं "बघ हं, मस्त आहे" म्हणून सोडून दिलं नाही. पुढे ३ मे १९१३ ला मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, त्यामागे सरस्वतीबाईंचेही कष्ट होते.

मग आजीला चेव आला. म्हणाली, "आता माझा लाव. प्रभातचा तुकाराम." मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. १९३६ चा सिनेमा, कृष्णधवल, त्यात भजनं! पण लावला. विष्णुपंत पागनीस गातात तेव्हा आजी हात जोडून बसली होती, ते ठीकच. मला बाई आवडली ती तुकारामाची बायको. पोरगं तापानं फणफणलेलं असताना पायातली वहाण हातात घेऊन देवाला जाब विचारायला देवळात शिरते! नंतर कळलं की दामले आणि फत्तेलाल यांच्या या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला होता. म्हणजे ज्या व्हेनिसचं नाव घेऊन मी मावशीवर ‘कोर्ट’साठी शायनिंग मारली होती, तिथे आजीचा तुकाराम सत्त्याहत्तर वर्षं आधी जाऊन आला होता!

जाता जाता एक कडू गोष्ट. आपल्याकडे सुचवणं म्हणजे बऱ्याचदा पेनड्राइव्ह पुढे करणं असतं. मीही केलंय, सोवळेपणाचा आव आणत नाही. पण २०२३ च्या दुरुस्तीनं सिनेमाची चोरी करणाऱ्याला किमान तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे. आणि कायद्याचं सोडा, हिंदी-इंग्रजीवाल्यांचं आपल्यावाचून फारसं अडत नाही, कमी पैशात उभ्या राहिलेल्या मराठी सिनेमाचं अडतं. ‘श्वास’ २००४ साली ऑस्करला गेला तेव्हा प्रचारासाठी लोकांनी वर्गणी काढली होती. आमच्या एका सरांनी कॉलेजात असताना खिशातले वीस रुपये दिले होते, हे ते अजून सांगतात. त्यांना मी विचारलं, "सर, घरी कोणाला दाखवू?" तर म्हणाले, "आजोबा असतील त्यांच्याबरोबर बघ. आणि दुसऱ्या दिवशी पेपर नको." शिफारस करावी तर अशी!

म्हणून रेक्टर मॅडमना एक विनंती आहे. कॉमन रूममधला टीव्ही आयपीएल संपलं की धूळ खातो. महिन्यातून एका शनिवारी तिथे एक मराठी चित्रपट रीतसर लावू या. कोणता, ते दर वेळी वेगळ्या जिल्ह्याच्या मुलीनं ठरवायचं आणि शेवटपर्यंत तिथे बसायचं. बोली कळली नाही तर विचारायचं. सबटायटल्सही चालतील, लाज कसली?

बाबांचं राहिलंच. मी होस्टेलला परत आल्यावर आठवड्याभरानं त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाले, "त्या आपटेचं पुढे काय झालं गं?" मी म्हटलं, सांगत नाही, बघा. त्यांनी तो फोनवर पाहिला, रोज थोडा थोडा, घरी येताना गाडीत. चार दिवस लागले. डोंबिवलीच्या माणसाचा सिनेमा बदलापूर लोकलमध्ये! पाचव्या दिवशी रात्री मेसेज आला: "संपला. दुसरा पाठव. जरा हसायचा असू दे."

तर मैत्रिणींनो, मित्रांनो आणि सरहो, आता खरंच एखादा चांगला पिक्चर सांगा ना. माणूस पन्नाशीचा आहे, स्क्रीन तळहाताएवढी, एका वेळी मिळणार सव्वा तास, त्यात कल्याणपर्यंत बहुधा उभं राहून. ‘बनवाबनवी’ सोडून.

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)